लेटरकेनीतलं नाटक आणि हरिपूरचे देवल

पोस्ट जरा लांब आहे. ज्यांची मुलं इथल्या शाळेत शिकतायत त्यांनी चहा घेऊन निवांत वाचा.

इथे लेटरकेनीत लेकीच्या शाळेतल्या मुलांनी ऑलिव्हर गोल्डस्मिथचं 'शी स्टूप्स टू कॉन्कर' बसवलं. लेकीला मिसेस हार्डकॅसलचं काम मिळालं होतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "आई, तुम्ही नाही आलात तरी चालेल. जुनं इंग्लिश आहे, तुम्हाला कळणार नाही." तिनं काळजीनंच म्हटलं असेल, पण लागलं.

गेलो. आणि खरं सांगते, हॉलमध्ये सगळ्यात आधी मीच हसले.

नाटक 1773 सालचं, लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये पहिल्यांदा झालेलं. मार्लो नावाचा तरुण मुलगी बघायला येतो आणि भावी सासऱ्याच्या घरालाच लॉज समजतो. सासऱ्याला मालक समजून हुकूम सोडतो, त्याच्या मुलीला नोकराणी समजतो. लहानपणी गोल्डस्मिथनं स्वतःच आयर्लंडमध्ये एका जमीनदाराच्या घराला खानावळ समजून असाच घोळ घातला होता, असं सांगतात.

मी लवकर हसले, कारण असला घोळ मला पाठ आहे. सांगलीत वाढलेल्या माणसाला 'संशयकल्लोळ' सांगावं लागत नाही. तरुणी चक्कर येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो, तिच्या हातून पडलेली तसबीर त्याच्या बायकोच्या हाती लागते, आणि मग ज्याला त्याला ज्याचा त्याचा संशय!

आता गंमत ऐका. गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, जन्म 1855 चा. त्यांनी 1893 मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक लिहिलं. पुढे 1916 मध्ये तेच संगीत 'संशयकल्लोळ' होऊन गंधर्व नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी गेले. या नाटकाचं मूळ मोलिएरच्या 1660 मधल्या फ्रेंच प्रहसनात आहे, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असतं. पण मधला दुवा आपण विसरतो. देवलांच्या समोर होतं ते 'ऑल इन द राँग' हे 1761 सालचं इंग्रजी नाटक. ते लिहिणारा आर्थर मर्फी हा आयरिश माणूस. जन्म 1727, रॉसकॉमन परगण्यातला! आपण इथून सकाळी निघालो तर दुपारच्या जेवणाला तिथे पोहोचू.

म्हणजे पॅरिसचं हसू रॉसकॉमनच्या माणसानं लंडनला नेलं आणि हरिपूरच्या माणसानं मराठीत आणलं. देवलांनी ते असं काही आपलं केलं, की फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेट, रेवती, भादव्या ही महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं ऐकून कुणाला परकेपणाची शंकाही येत नाही.

आणखी एक गोष्ट. अठराव्या शतकातल्या ज्या विनोदी नाटकांना आपण 'इंग्लिश क्लासिक' म्हणतो, त्यातली कितीतरी आयर्लंड सोडून गेलेल्यांची आहेत. गोल्डस्मिथ आयरिश, मर्फी आयरिश, 1775 मध्ये 'द रायव्हल्स' लिहिणारा शेरिडन डब्लिनचा. सगळे पोटापाण्यासाठी, नावासाठी लंडनला गेलेले. नव्या गावात कोण कुणाला काय समजतं, यातून होणारे घोळ त्यांना नीट ठाऊक असणार. आपल्याला नाहीत का? इथे आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मीही या गावाला लॉजच समजत होते. पडदे विकत घेतले नव्हते, झाड लावलं नव्हतं.

लेकीचा शेवटचा मोठा प्रवेश तोच होता. मिसेस हार्डकॅसलला तिचा मुलगा रात्री घोडागाडीतून घराभोवतीच गोल गोल फिरवतो. तिला वाटतं आपण घरापासून चाळीस मैल लांब आडरानात आलोय. असते ती स्वतःच्याच बागेच्या टोकाला. लेक थरथरत गुडघ्यावर बसली आणि हॉल हसत होता. मी मात्र तेव्हा हसता हसता डोळे पुसत होते.

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "तू सगळ्यांच्या आधी कशी काय हसलीस?" मग मी मर्फीची आणि देवलांची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आबांना पण हे नाटक कळलं असतं?"

रविवारी सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. आबांनी फाल्गुनरावाची वाक्यं म्हटली, लेकीनं कृत्तिकेची. तिला देवनागरी हळू वाचता येतं, दोन पानांना पाऊण तास लागला. आबांनी एकदाही घाई केली नाही.

तर मंडळी, मुलं "नका येऊ" म्हणाली तरी शाळेच्या नाटकाला जा. आणि येताना गाडीत आपलं एखादं नाटक सांगा. तुम्ही कुठलं सांगाल? खाली लिहा, पुढच्या रविवारी आम्हालाही वाचायला हवंय.