प्रस्ताराची वाटणी

पिंगलाच्या छंदःशास्त्राच्या अखेरीस जे सहा प्रत्यय येतात, ते वर्गात बहुधा घाईने उरकले जातात. त्यांतला पहिला प्रस्तार, म्हणजे लघु-गुरूंच्या सर्व शक्य मांडण्या क्रमाने लिहून काढणे. आठ अक्षरी चरणाच्या मांडण्या २५६ होतात. अनुष्टुभाची बत्तीस अक्षरे एकत्र धरली, तर ४२९ कोटींहून अधिक. कवीला यांतल्या मोजक्याच लागतात. प्रस्तारकाराला मात्र एकही गाळण्याची मुभा नसते. या दुसऱ्या वृत्तीचा विसाव्या शतकातला एक अवतार साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवावा, असे आम्हांला वाटते.

रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ साली दोन संगणकांनी एकमेकांची ओळख पटवावी म्हणून काही संवाद रचले. त्यांतल्या एकाचा गाभा अवघ्या तीन निरोपांचा. जाणत्यांनी तो वाचला, तपासला, शिकवला. १९९५ साली गॅव्हिन लो यांनी दाखवले की, पहिल्याने एखाद्या लबाडाशी बोलणे सुरू केले, तर तो लबाड तेच बोलणे पुढे सरकवून दुसऱ्यापुढे पहिल्याचे सोंग वठवू शकतो. सतरा वर्षे हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. १९९६ साली लो यांनी हाच संवाद ‘एफडीआर’ या साधनाने सर्व शक्यतांनिशी तपासून घेतला. दुरुस्ती पाहा: दुसऱ्या निरोपात उत्तर देणाऱ्याने आपले नाव घालावे, एवढीच. संहितेच्या सूक्ष्म वाचनाचा अभिमान बाळगणाऱ्या आपणां सर्वांना ही घटना थोडी बोचायला हवी.

सर्व अवस्था धुंडाळून तपासण्याच्या या पद्धतीचा पाया अमेरिकेत क्लार्क व इमर्सन यांनी १९८१ साली, आणि फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे केय व सिफाकिस यांनी १९८२ साली घातला. अडचण प्रस्ताराचीच होती. दहा घटक, प्रत्येकाच्या दहा अवस्था, की एकूण अवस्था हजार कोटींपर्यंत जातात. एका अवस्थेला शंभर बाइट धरले, तर एक टेराबाइट स्मृती हवी. त्या काळच्या साध्या संगणकापाशी ती कोठून असणार?

मग वाटणी आली. स्टॅनफर्डच्या उलरिश स्टर्न व डेव्हिड डिल यांनी १९९७ साली ‘मर्फी’ या साधनाचे काम अनेक संगणकांत विभागले. २००१ साली ग्रनोब्लच्याच गारावेल, मातेएस्कू व स्मारांदाके यांनी याच विषयावर निबंध वाचला. त्यांच्या ‘सीएडीपी’ या साधनसंचात ‘डिस्ट्रिब्युटर’ नावाची आज्ञा आहे. पडद्यावर एक ओळ टंकायची, सोबत संगणकांची नावे असलेली एक फाइल द्यायची.

पुढचे काम असे चालते. प्रत्येक अवस्थेवरून गणिताने एक अंक काढतात, आणि तो अंक सांगतो की ही अवस्था कोणत्या संगणकाची. पिंगलाच्या परंपरेतले ‘उद्दिष्ट’ आठवावे: मांडणी दिली असता तिचा क्रमांक सांगणे. भेद इतकाच की, प्रस्तारातल्या ओळी आधीच ठाऊक असतात, येथे त्या चालता चालता सापडतात. संगणक आपल्या वाट्याच्या अवस्थेतून निघणाऱ्या पुढच्या अवस्था काढतो. आपली असेल तर वहीत पाहतो, परकी असेल तर धाडून देतो. वाटणी जितकी समन्यायी, तितका टपाल-खर्च मोठा: दहा संगणक असले, तर सुमारे दहांतल्या नऊ अवस्था परगावी जातात.

आम्हांला सर्वांत मनोज्ञ वाटतो तो थांबण्याचा प्रश्न. सगळे संगणक रिकामे बसले, म्हणजे काम संपले असे नव्हे. एखादी अवस्था अजून वाटेत असू शकते. अशा समस्येवर डाइकस्ट्रा, फेयेन व व्हान गास्टेरेन यांनी १९८३ साली एक तोडगा दिला. सर्वांनी फेर धरून एक पांढरी सोंगटी हातोहात फिरवायची. मधल्या काळात ज्याने दुसऱ्याला काम दिले असेल, त्याच्याकडून ती काळी होऊन पुढे जाते, आणि फेरी पुन्हा करावी लागते. ती पांढरीच परतली, तरच विराम. नंतरच्या साधनांनी निरोप मोजण्यासारख्या आणखी रीती वापरल्या. प्रश्न तोच राहिला.

शेवटी तुकडे जोडून एक प्रचंड आलेख तयार होतो. तो कोणी वाचत नाही, वाचण्यासाठी तो नसतोच. आणि तोही मूळ यंत्राचा नव्हे, माणसाने केलेल्या त्याच्या वर्णनाचा. वर्णनात जे सुटले, ते कितीही संगणक जोडले तरी सापडत नाही; येथे अन्वयार्थाचे जुने भांडण पुन्हा उभे राहते. त्या आलेखाला दुसरे साधन प्रश्न विचारते, आणि दोष आढळला तर आरंभापासून दोषापर्यंतची एक वाट तेवढी माणसापुढे ठेवते. कोट्यवधी अवस्थांतून निवडलेली ती एक गोष्ट. लो यांच्या लबाडाची गोष्ट सहा निरोपांत संपते.