कणखर नेत्याची प्रतिमा : चौकटीतील चित्र आणि चौकटीबाहेरील वास्तव

रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांची दक्षिण सायबेरियातील तुवा प्रजासत्ताकात उघड्या अंगाने मासेमारी करतानाची छायाचित्रे ऑगस्ट २००७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि अल्पावधीतच जगभर पोहोचली. नेत्याच्या शारीरिक बळाचे नियोजनपूर्वक दर्शन घडवून त्यातून राज्याच्या सामर्थ्याची ग्वाही देण्याची ही पद्धत मात्र त्याहून बरीच जुनी आहे.

पूर्वपरंपरा

इटलीचे हुकूमशहा बेनितो मुसोलिनी यांनी १९२५ मध्ये गव्हाच्या उत्पादनवाढीची मोहीम सुरू केली. पुढे १९३० च्या दशकात शेतमजुरांसमवेत उघड्या अंगाने मळणी करतानाची त्यांची दृश्ये सरकारी चित्रसंस्थेमार्फत देशभर दाखविण्यात आली. १९३७ च्या लिबिया दौऱ्यातील तलवार उंचावलेले त्यांचे अश्वारूढ छायाचित्रही गाजले. मूळ छायाचित्रात घोड्याचा लगाम धरून मोतद्दार उभा होता. प्रसिद्ध झालेल्या प्रतीतून त्याला वगळण्यात आले.

चीनमध्ये सांस्कृतिक क्रांतीला प्रारंभ झाला असताना १६ जुलै १९६६ रोजी ७२ वर्षांचे माओ झेडाँग वुहान येथे यांगत्से नदीत पोहले. प्रवाहाच्या दिशेने सुमारे १५ किलोमीटर अंतर त्यांनी ६५ मिनिटांत पार केल्याचे अधिकृत वृत्तात म्हटले होते. अंतराचा व वेळेचा हा हिशेब पट्टीच्या जलतरणपटूलाही अशक्यप्राय वाटावा असा होता. तथापि, वृद्ध नेता अद्याप समर्थ असल्याचा संदेश पक्षातील विरोधकांपर्यंत पोहोचला.

रशियातील वाटचाल

पुतिन यांचे पूर्वसूरी बोरिस येल्त्सिन यांच्यावर नोव्हेंबर १९९६ मध्ये हृदयशस्त्रक्रिया झाली होती. त्यांच्या ढासळत्या प्रकृतीच्या पार्श्वभूमीवर तरुण व चपळ नेत्याची प्रतिमा परिणामकारक ठरली. २० मार्च २००० रोजी, अध्यक्षपदाच्या निवडणुकीला सहा दिवस उरले असताना, हंगामी अध्यक्ष पुतिन सुखोई-२७ लढाऊ विमानातून युद्धग्रस्त ग्रोझनी येथे दाखल झाले.

त्याच वर्षी १२ ऑगस्ट रोजी ‘कुर्स्क’ ही अणुपाणबुडी बारेंट्स समुद्रात बुडाली व तीवरील सर्व ११८ जणांचा मृत्यू झाला. त्या वेळी सोची येथे सुटीवर असलेले पुतिन काही दिवस तेथेच थांबले. ‘एनटीव्ही’सह काही वाहिन्यांनी त्यांच्यावर कठोर टीका केली. एप्रिल २००१ मध्ये ‘एनटीव्ही’चे नियंत्रण सरकारच्या प्रभावाखालील ‘गाझप्रोम’ कंपनीकडे गेले. प्रमुख वाहिन्या अंकित झाल्यानंतर नेत्याचे कोणते रूप दाखवावे आणि कोणते दाखवू नये, हे ठरविणे सत्ताधाऱ्यांना सुलभ झाले.

सलग तिसऱ्या कार्यकाळास राज्यघटनेची अनुमती नसल्याने पुतिन २००८ मध्ये पंतप्रधान झाले. चित्रमालिका मात्र खंडित झाली नाही. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांनी उसुरी अभयारण्यात वाघिणीला गुंगीचे औषध डागल्याचे वृत्त देण्यात आले. ऑगस्ट २००९ मध्ये तुवा येथील उघड्या अंगाच्या घोडेस्वारीची छायाचित्रे प्रसिद्ध झाली. ऑगस्ट २०११ मध्ये फानागोरिया या प्राचीन ग्रीक नगराच्या अवशेषांजवळ समुद्रात बुडी घेऊन त्यांनी दोन प्राचीन मातीचे घट वर आणले. हे घट आधी सापडलेले होते व तेथे ठेवण्यात आले होते, असे त्यांचे प्रवक्ते दिमित्री पेस्कोव्ह यांनीच त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मान्य केले. तत्पूर्वी सप्टेंबरमध्ये पुतिन यांची अध्यक्षपदासाठी पुन्हा उमेदवारी जाहीर झाली होती.

लोकशाहीतील अनुभव

लोकशाही देशांतही हा मोह आढळतो. तेथे मात्र चित्राची फेरतपासणी होऊ शकते. अमेरिकेतील डेमोक्रॅटिक उमेदवार मायकल डुकाकिस यांनी सप्टेंबर १९८८ मध्ये शिरस्त्राण घालून रणगाड्यातून फेरी मारली. ते स्वतः लष्करात सेवा बजावलेले होते. तरीही हे दृश्य हास्यास्पद ठरले आणि प्रतिस्पर्धी जॉर्ज बुश यांच्या प्रचाराने त्याचाच जाहिरातीत वापर केला. त्यांचे पुत्र, अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश १ मे २००३ रोजी वैमानिकाच्या गणवेशात विमानवाहू नौकेवर उतरले. इराकमधील प्रमुख लढाई संपल्याची घोषणा त्यांनी केली, तेव्हा पाठीमागे मोहीम फत्ते झाल्याचा फलक झळकत होता. त्या युद्धातील बहुसंख्य अमेरिकी सैनिकांचा बळी मात्र त्यानंतर गेला आणि तो फलक बुश यांच्यावरील टीकेचे प्रतीक बनला.

प्रतिमेचे ओझे

राज्याचे सामर्थ्य एका देहाशी जोडले गेले की त्या देहाचे वय व आरोग्य ही राज्याची गुपिते होतात. करोना साथीच्या काळात पुतिन यांना भेटणाऱ्यांवर विलगीकरणाचे कडक निर्बंध होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांच्याशी त्यांची चर्चा अतिशय लांब मेजाच्या दोन टोकांना बसून झाली. त्याच महिन्यात २४ तारखेला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. पुतिन यांच्या घोडेस्वारीची चित्रे जगाने पाहिली होती. या युद्धात कामी आलेल्या रशियन सैनिकांची संपूर्ण संख्या मात्र रशियाच्या सरकारने आपल्या नागरिकांना सांगितलेली नाही.