गोळ्यांच्या बाटलीची गोष्ट

इथे अमेरिकेत गोळ्या सहसा आपल्यासारख्या पट्टीत मिळत नाहीत. फार्मासिस्ट मोठ्या डब्यातून मोजून तीस-साठ गोळ्या एका केशरी प्लास्टिकच्या बाटलीत भरतो आणि वर लेबल चिकटवतो. औषध कोणतं, कुणाचं, दिवसातून किती वेळा, ही सगळी भिस्त त्या कागदावर. लहान मुलांना उघडता येऊ नये असं झाकण १९७० च्या कायद्यामुळे आलं, पण लेबल होतं तसंच राहिलं. ठळक अक्षरांत दुकानाचं नाव, औषधाचं बारीक! त्यात बाटली गोल, म्हणजे वाचायला ती फिरवत बसा.

डेबोरा ॲडलर ही न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्सची विद्यार्थिनी. तिच्या आजीने चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या. आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षरही एकच, बाटल्या जुळ्या. अशा वेळी आपण काय म्हणतो? "आजी, जरा बघून घेत जा ना!" डेबोराने मात्र बाटलीच बदलायला घेतली आणि तोच तिच्या प्रबंधाचा विषय झाला.

टार्गेट या दुकानसाखळीने २००५ मध्ये ती बाजारात आणली. रंग लाल, बाजू सपाट, झाकणावर उलटी उभी राहणारी. औषधाचं नाव सर्वांत वर आणि मोठं, खाली ते कसं घ्यायचं. घरातल्या प्रत्येकाच्या बाटलीच्या गळ्यात वेगळ्या रंगाची रिंग. माहितीचं कार्ड लेबलामागच्या खाचेत. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही ही बाटली पोचली!

पुढे २०१५ मध्ये टार्गेटने आपला औषधविभाग सीव्हीएस कंपनीला विकला आणि लाल बाटली बंद झाली. सवय झालेली गिऱ्हाइकं हळहळली. यंत्र वापरणारा चुकतो तेव्हा आम्ही इंजिनियर लोक आधी यंत्र तपासतो, म्हणून मलाही ते लागलं.

असो. आपल्याकडे पट्टीवर नाव छापलेलं असतं हे खरं. पण दुकानदार चार गोळ्या कापून देतो, तेव्हा नाव आणि मुदतीची तारीख बऱ्याचदा उरलेल्या तुकड्यावर राहते. तेव्हा मंडळी, तो मजकूर पाकिटावर लिहून घ्या. आणि आई-बाबांच्या गोळ्या एकाच डब्यात असतील, तर आजच दोन रंगांचे दोन डबे करा.