हायमोरची पोकळी : वरची दाढ आणि सायनस यांच्या नात्याचा इतिहास

सर्दी होऊन काही दिवस झाले की कुणाच्या वरच्या दाढा ठणकू लागतात, आणि दंतवैद्याला त्यांत कीड सापडत नाही. याच्या उलटही घडते. दाढेच्या मुळाशी पू साचलेला असतो आणि रुग्ण महिनोन्‌महिने सर्दीची औषधे घेत राहतो. दोन्हींचे मूळ एकाच रचनेत आहे. नाकाच्या दोन्ही बाजूंस, वरच्या जबड्याच्या हाडात एकेक पोकळी असते. तिच्या तळाखालीच वरच्या दाढांची मुळे असतात आणि मधले हाड काही ठिकाणी कागदासारखे पातळ असते. दाढांच्या नसाही याच पोकळीच्या भिंतीतून जातात. हे शेजारपण वैद्यकाच्या ध्यानात कसे आले, ते येथे पाहू.

लिओनार्दो दा विंचीने १४८९ च्या सुमारास कवटी कापून ही पोकळी रेखाटली होती. दातांच्या मुळांना पोसणारा द्रव तिच्यात असतो, असे त्याला वाटले. तर्क चुकला, पण दात आणि पोकळी यांचा संबंध त्याने बरोबर हेरला होता. मात्र ही चित्रे त्याच्या वह्यांतच राहिली आणि वैद्यांच्या काही उपयोगी पडली नाहीत. म्हणून पोकळीला नाव मिळाले ते नॅथॅनिअल हायमोर या इंग्रज वैद्याचे. त्याचा शरीररचनेवरील लॅटिन ग्रंथ १६५१ साली हेग येथे छापला गेला.

त्या ग्रंथात एका स्त्रीची हकिकत आहे. तिचा वरचा डावा सुळा उपटताना मुळावरचा हाडाचा पापुद्रा फुटला आणि त्या खाचेतून सतत स्राव वाहू लागला. स्राव येतो कुठून, हे पाहण्यासाठी तिने स्वतःच चांदीची सळई आत घातली. ती जवळजवळ डोळ्यापर्यंत गेली. मग तिने पिसाची काडी घातली, तीही आत शिरतच राहिली. काडी मेंदूत पोचली, या भीतीने ती हायमोरकडे आली. काडी मेंदूकडे न जाता गालाच्या हाडातील पोकळीत वळत होती, हे त्याने ओळखले.

तिची भीती अडाणीपणाची नव्हती. नाकातला शेंबूड मेंदूतून पाझरतो, ही गेलेनपासून चालत आलेली समजूत तेव्हाचे शिकलेले वैद्यही मानत. १६६० च्या दशकात विटेनबर्गच्या कोनराड श्नायडरने नाकाच्या अस्तराचा अभ्यास करून ती खोडून काढली. पोकळीच्या अस्तराला आजही त्याचे नाव आहे. हायमोरच्या रुग्णाचे नाव मात्र ग्रंथात नाही. खरे तर सळईचा तो प्रयोग तिचाच!

तिच्या बाबतीत जे अपघाताने घडले, ते पुढे उपचार म्हणून मुद्दाम केले जाऊ लागले. पोकळीचे नैसर्गिक तोंड नाकाच्या बाजूला आणि बरेच वर असते, त्यामुळे माणूस उभा असताना पू सहज वाहून जात नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या विल्यम काउपरने दाढ काढून तिच्या खाचेतून पू वाहू दिला. वाट खालून असल्याने निचरा चांगला होई. पण दुखण्याचे मूळ नाकात असेल, तर निरोगी दाढेचा बळी जाई, शिवाय तोंड आणि पोकळी यांच्यामध्ये कायमचे भोक राहण्याचा धोका असे. न्यूयॉर्कच्या जॉर्ज कॉल्डवेलने १८९३ मध्ये आणि पॅरिसच्या आंरी ल्यूकने १८९७ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, दुसरी वाट सुचवली : वरचा ओठ उचलून सुळ्याच्या वरच्या हाडातून आत जायचे आणि नाकात निचऱ्याची खिडक करायची. १९८० च्या दशकापासून दुर्बिणीने पोकळीचे मूळ तोंडच मोकळे करण्याची पद्धत रूढ झाली.

निदानाची अडचण मात्र उरली. अनेक वरच्या दाढा एकदम दुखत असतील आणि वाकल्यावर कळ वाढत असेल, तर संशय सायनसवर जातो. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त पू येत असेल, तर त्याच बाजूची दाढ तपासावी लागते. साध्या क्ष-किरण चित्रात मुळाशी साचलेला पू निसटू शकतो, सीटी स्कॅनमध्ये तो अधिक स्पष्ट दिसतो. आणि मूळ दाढेत असेल, तर केवळ पोकळी धुऊन दुखणे पुन्हा उलटते.