बोलपटाचा सौदागर

भारतातला पहिला बोलपट कोणता, असं विचारलं तर शाळकरी पोरही 'आलम आरा' असं उत्तर देतं. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात तर तारीखसुद्धा असते, १४ मार्च १९३१. पण हा चित्रपट मी पाहिलेला नाही, तुम्हीही पाहिलेला नसणार, आणि यापुढे तो कुणाला पाहायला मिळेल अशी आशा फार थोडी आहे. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ज्यानं पडद्याला वाचा दिली, तोच मुका झाला. हे कसं घडलं ते समजून घ्यायचं, तर नट-नट्यांच्या आधी एका धंदेवाल्या माणसाकडे जावं लागतं. त्याचं नाव अर्देशिर इराणी.

धंदेवाला हा शब्द मी आदरानं वापरतो आहे. कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती खपवताना ज्याला घाम फुटतो, त्याला हजारो माणसं तिकीट काढून आत आणणाऱ्याचं मोल कळतं. आपल्याकडे सिनेमाचा इतिहास लिहिताना कलावंताला मान मिळतो आणि पैसा घालणारा तळटीपेत जातो. इराणींच्या बाबतीत तसं करून चालत नाही, कारण महत्त्वाचे निर्णय त्यांचे होते.

इराणींचा जन्म पुण्याचा, ५ डिसेंबर १८८६ चा. काही काळ त्यांनी शाळेत शिकवलं, रॉकेलच्या खात्यात निरीक्षकाची नोकरी केली आणि मग वडिलांच्या दुकानात बसले. दुकान वाद्यांचं आणि फोनोग्राफचं होतं. म्हणजे आवाज विकण्याचं पहिलं शिक्षण घरातच झालं. पुढे ते परदेशी चित्रपटांच्या वितरणात शिरले आणि तिथं त्यांना अब्दुलअली युसुफअली नावाचा भागीदार मिळाला.

अब्दुलअली सुरतेचे. १९०१ ते १९०७ या काळात तंबू आणि प्रोजेक्टर घेऊन ते सिंगापूर, सुमात्रा, जावा, ब्रह्मदेश, सिलोन असे हिंडले. मग हिंदुस्थानातल्या गावोगावी खेळ लावले. त्यांचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद होता. हजारभर माणसं त्यात मावत. माझ्या पिढीतल्या ज्यांनी जत्रेत किंवा उरुसात टुरिंग टॉकीजचा सिनेमा पाहिला आहे, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. जमिनीवर बसकण, मधोमध यंत्राची घरघर आणि पब्लिकची शिट्टी. तंबूवाल्याला प्रेक्षक कधी हसतो, कधी चुळबुळतो, कधी उठून जातो ते अंधारातही समजतं. १९१४ मध्ये या दोघांनी मुंबईचं अलेक्झांड्रा थिएटर चालवायला घेतलं आणि १९१८ मध्ये गिरगावात मॅजेस्टिक उभं केलं. ते थिएटर आता नाही. पण मॅजेस्टिक हे नाव मराठी वाचकाच्या तोंडी पुस्तकांमुळे राहिलं आहे.

दुसऱ्याचा माल दाखवता दाखवता इराणी स्वतः माल बनवू लागले. १९२२ मध्ये भोगीलाल दवे यांच्याबरोबर काढलेल्या स्टार फिल्म कंपनीचा 'वीर अभिमन्यू' आला. पुढे देशातली पहिली स्त्री-दिग्दर्शक ठरलेल्या फातमा बेगम त्यात पडद्यावर आल्या होत्या. १९२६ मध्ये इराणींनी इंपीरियल फिल्म कंपनी स्थापन केली. पृथ्वीराज कपूर इथंच उमेदवारी करून गेले आणि मेहबूब खान इथंच गर्दीतले नट म्हणून उभे राहत होते. धंद्यातली चपळाई पाहायची तर १९२८ चं उदाहरण घ्या. लाहोरची एक कंपनी अनारकलीच्या गोष्टीवर मोठा खर्चिक चित्रपट करत होती. इराणींनी सुलोचनाला घेऊन आपली 'अनारकली' घाईनं पुरी केली आणि आधी लावली. इंपीरियलचं चित्र गाजलं, लाहोरचं मागं पडलं.

१९३० च्या सुमारास त्यांनी एक्सेल्सियर थिएटरात 'शो बोट' हा अमेरिकी चित्रपट पाहिला. थोडा मुका, थोडा बोलका. आपणही बोलपट करायचा, असं त्यांनी तिथं ठरवलं. कलकत्त्याची मादन कंपनी याच शर्यतीत होती, म्हणून सगळं गुपचूप चाललं. अमेरिकेहून ध्वनिमुद्रणाचं यंत्र आलं, त्याच्यासोबत विल्फर्ड डेमिंग नावाचे तंत्रज्ञ आले. त्यांचं मानधन रोजचे शंभर रुपये! इराणींनी त्यांच्याकडून जुजबी माहिती घेतली आणि रुस्तम भरुचा यांना हाताशी धरून ध्वनिमुद्रण स्वतःच केलं. स्टुडिओ केनेडी पुलाजवळ, रुळांच्या शेजारी. दिवसभर आगगाड्यांचा खडखडाट. त्यामुळे गाड्या थांबल्या की, म्हणजे मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत, काम चाले. मायक्रोफोन दिसू नये म्हणून तो कुठंतरी आडोशाला लपवायचा. गाणी तिथल्या तिथं, तबला-पेटीच्या साथीवर.

पण यंत्रापेक्षा मोठा प्रश्न भाषेचा होता. मूकपटाला भाषेची सीमा नव्हती. मधल्या पाट्या बदलल्या की तो कुठंही चाले. एकदा पात्र बोलू लागलं की कुठल्या तरी भाषेत बोलणार, आणि बाकीचे प्रेक्षक हातचे जाणार. इराणींनी जोसेफ डेव्हिड यांचं पारशी रंगभूमीवरचं नाटक उचललं. त्याची भाषा ना फार्सी शब्दांनी जड झालेली, ना संस्कृतनं. नाटक कंपन्या ती बोली वर्षानुवर्षं पेशावरपासून हैदराबादपर्यंत फिरवत होत्या. कुणी तिला उर्दू म्हणे, कुणी हिंदी. तिकीट काढणाऱ्याला ती समजत होती, एवढं इराणींना पुरेसं होतं. घरात दखनी, शाळेत मराठी आणि सिनेमात हिंदुस्तानी असे माझे कान घडले. माझ्यासारख्या कोट्यवधींना जोडणारी ही बोली कुठल्या समितीनं ठरवली नाही. ती गल्ल्याच्या हिशेबातून आली. कवी म्हणून हे कबूल करायला मला जराही संकोच वाटत नाही.

या भाषेची गंमत म्हणजे नायक मास्टर विठ्ठल मराठी, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. तो करार मोडून इकडं आले म्हणून त्यांच्या आधीच्या कंपनीनं खटला भरला. त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जीना, आणि विठ्ठल सुटले. मात्र त्यांची जीभ त्या संवादांना वळेना, म्हणून त्यांचं पात्र बराच वेळ गुंगीत दाखवावं लागलं असं सांगतात!

१४ मार्चला मॅजेस्टिकसमोर पहाटेपासून झुंबड उडाली. रांग लावायची पद्धत तेव्हा नव्हती. मालकांनाच आत शिरायला कष्ट पडले, अशी आठवण अब्दुलअलींनी सांगून ठेवली आहे. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं. त्यानंतर काही वर्षांतच मूकपट संपला. इराणी थांबले नाहीत. त्याच वर्षी 'कालिदास' आला, तमिळ-तेलुगू बोलणारा. १९३३ मध्ये मुंबईत तयार झालेला 'दुख्तरे लुर' तेहरानला झळकला. फार्सीतला तो पहिला बोलपट. १९३७ मध्ये 'किसान कन्या' आला. 'प्रभात'च्या 'सैरंध्री'चे रंग जर्मनीत चढवले होते; 'किसान कन्या' रंगांसकट इथंच तयार झाला. तो बेताचाच चालला. १९३८ मध्ये इंपीरियल बंद पडली. १४ ऑक्टोबर १९६९ रोजी इराणी वारले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर तिथं जुन्या चित्रपटांचा शोध घेत होते. ते इराणींना भेटले. रिळं घरात कुठंतरी असतील, असं म्हातारबुवांना वाटत होतं. निघताना मुलानं नायरांना बाजूला घेऊन खरं सांगितलं: रिळं केव्हाच गेली, त्यातली चांदी काढून घेतली. जुन्या फिल्मवर चांदीचा थर असे आणि तो विकला जाई. २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत 'आलम आरा' जळाला असं काही जण म्हणतात; पण तो तिथं नव्हताच, असं नायरांनी सांगितलं आहे. त्या चित्रपटाच्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या नाहीत. फोनोग्राफच्या दुकानात वाढलेल्या माणसाच्या पहिल्या बोलपटाचा एक सूरही उरू नये!

यात मी कुणाला दोष देत नाही. पडद्यावरून उतरलेलं चित्र म्हणजे धंद्याच्या लेखी पडीक माल. त्याची किंमत त्यातल्या चांदीएवढी. ज्या हिशेबी नजरेनं आपल्याला बोलता सिनेमा दिला, तिनंच तो वितळवला. पुढचं जपण्याचं काम धंद्याचं नव्हतं, आपलं होतं. आणि आपल्याला ते उशिरा सुचलं.

अजूनही आपल्या घराघरांत जुन्या कॅसेटी पडून आहेत. कुणाच्या आजीच्या ओव्या, कुणाच्या गावचं भारूड, कुणाच्या उरुसातली कव्वाली. रद्दीवाला येईल तेव्हा त्यांचे चार-दोन रुपयेही मिळणार नाहीत. त्या त्याच्या पोत्यात टाकण्याआधी एकदा ऐका, जमलं तर उतरवून ठेवा. त्यातला एखादा आवाज दुसरीकडे कुठंच नसेल.