सीमेवरचा राखणदार

मंडळी, जोंधळा दाण्यात भरला की आपण शेतात माळा बांधतो आणि राखणीला बसतो. ज्याचे पीक, त्याचाच डोळा रात्री नीट उघडा राहतो, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. हीच गोष्ट ओळखून युरोपातील एका राज्याने आपली सीमा सुमारे साडेतीनशे वर्षे सांभाळली. ते राज्य क्रोएशियाचे.

त्याचे असे झाले. १५२६ साली मोहाच येथे तुर्की सुलतान सुलेमान याने हंगेरीच्या फौजेचा धुव्वा उडवला. तरुण राजा दुसरा लुई मरण पावला. क्रोएशियाचा राजाही तोच. गादी रिकामी झाली, शत्रू दाराशी आला. तेव्हा क्रोएशियाच्या सरदारांनी १ जानेवारी १५२७ रोजी सेटिन येथे जमून ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातील फर्डिनंडला राजा निवडले. त्यांची अपेक्षा एकच होती : आमची सीमा राख.

राखायची कशी? किल्ले बांधले. १५७९ साली कार्लोव्हात्स नावाचा सहा टोकांच्या चांदणीसारखा नवा किल्लाच उभा राहू लागला. पण पगारी शिपाई महाग, आणि पगार थकला की तो कुरकुरणारच. इकडे सीमेवरची गावे लुटालुटीने ओस पडलेली. याच सुमारास तुर्की मुलखातून निर्वासित कुटुंबे येत होती; कुणी ऑर्थोडॉक्स पंथाची, कुणी कॅथलिक. राजाने त्यांना ओसाड जमीन दिली आणि सांगितले, ‘कसा आणि खा. सरदाराची वेठ नाही. मात्र तुर्क आला की शस्त्र घेऊन धावायचे.’

१६३० साली दुसऱ्या फर्डिनंडने या करारातील बऱ्याच गोष्टी सनदेने पक्क्या केल्या. गावाने आपला मुखिया आणि न्याय देणारे स्वतः निवडावेत. अठरा वर्षांवरील पुरुषांनी हाकेसरशी जमावे. क्रोएशियाच्या सरदारांना हे रुचले नाही. जमीन आमची, मग कसणारे आमचे कूळ का नाहीत, असे त्यांचे म्हणणे. पण राजाला कुळे नको होती, शिपाई हवे होते.

पुढे साव्हा नदीकाठी लाकडी खांबांवर उंच चौक्या उभ्या राहिल्या. त्यांना चार्दाक म्हणत. आपला माळाच म्हणा ना! पाळीपाळीने माणसे तिथे जागत. तुर्कांबरोबर प्लेगचीही भीती होती. म्हणून पलीकडून येणाऱ्याला आधी अडवून ठेवीत. साथ असली तर तब्बल ८४ दिवस.

आता या कथेची दुसरी बाजू ऐका. १६९९ च्या कार्लोव्हिट्झच्या तहानंतर तुर्कांचे भय ओसरू लागले. मग या शिपाई शेतकऱ्यांना सोडले का? छे! १७५४ च्या कायद्याने सीमाप्रांत पलटणींच्या शिस्तीत बांधला गेला. गावाने निवडलेल्यांचा अधिकार लष्करी अंमलदारांकडे गेला. नवे नियम आणि गणवेशाचा खर्च यांनी लोक चिडले, आणि १७५५ साली त्यांनी बंड केले. ते मोडण्यात आले. नंतर याच लोकांना आपल्या शेतापासून शेकडो कोस दूर, नेपोलियनच्या काळातील लढायांत धाडले गेले. घरी नांगर कुणी धरायचा? म्हातारे, बायका आणि पोरे. घरातले सगळे भाऊ एकत्र राहत. अशा एकत्र कुटुंबाला तिकडे झाद्रुगा म्हणत. लष्करी कायद्यानेही ती टिकवून धरली. कारण एक भाऊ लढाईवर गेला तरी दुसऱ्याने जमीन कसावी.

अखेर १८८१ साली हा सीमाप्रांत क्रोएशिया-स्लाव्होनियाच्या मुलकी कारभारात सामील झाला.

गुरुजी, वर्गात हा धडा घ्याल तेव्हा राजांची आणि तहांची नावे फळ्यावर लिहालच. पण मुलांना एवढेही विचारा : १६३० चा शेतकरी आणि १७५५ चा शेतकरी, दोघांच्या हाती तोच नांगर आणि तेच शस्त्र, मग पहिला राजासाठी धावला आणि दुसरा राजावर का उठला? पोरे शेतकऱ्यांची आहेत, उत्तर बरोबर देतील.