महाडचा ठराव का रद्द झाला?

चवदार तळ्याचा सत्याग्रह आम्ही दरवर्षी आठवतो, पण महाड नगरपालिकेच्या ठरावांकडे कुणी पाहत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात बोले ठराव मंजूर झाला. ५ जानेवारी १९२४ ला नगरपालिकेनेही तळे अस्पृश्यांना खुले केले. कागदावर! पाण्याला हात लावायची सोय नव्हतीच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तो ठराव खरा केला. त्याच वर्षी ४ ऑगस्टला (तारीख पाहा!) नगरपालिकेने तो रद्द केला. म्हणजे ठराव पाळला गेला, हाच गुन्हा. पुढे सवर्ण वहिवाटीचा दावा घेऊन कोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. नगरपालिकेच्याच तळ्यासाठी आम्हाला दहा वर्षे लागली.